दारातला भाटकार

शालूआत्या दर चवथीला आमच्याकडे यायची, पण घरात यायची नाही. हे वाक्य मी कुणालाही सांगितलं की तो म्हणतो, म्हणजे काय? म्हणजे हेच. वास्कोहून भल्या पहाटेची बस धरायची, पणजीला बदलायची, डिचोलीला पुन्हा बदलायची आणि मुळगावात आमच्या अंगणात येऊन उभी राहायची, तेव्हा आत गणपतीची पूजा नुकतीच आटोपलेली असायची. अंगणातल्या पाथरीवर चपला काढून ती पायांवर पाणी घ्यायची आणि दारापुढच्या सोप्यावर, म्हणजे बसायला बांधलेल्या कट्ट्यावर, पदर सावरून बसायची. दार सताड उघडं. तिथून गणपती दिसायचा आणि गणपतीवर टांगलेली माटोळीही दिसायची, पण सगळी नाही. लाकडी चौकटीला बांधलेली फळं, कणगलाची बोंडं, सुपाऱ्यांचे घोस, काकड्या, चिबुडं यांच्यातली दाराकडची बाजू तेवढी तिला दिसे, आणि तेवढ्यावरून ती बाहेर बसून आमच्या माटोळीची परीक्षा घेई. "वयनी, यंदा पपनस खंय आसा? विहिरीकडला झाड धरूक नाय काय?" आई आतून म्हणे, "आसा गो, भितरल्या बाजूक आसा." बाबा ऐकून न ऐकल्यासारखे समईची वात पुढे करत बसत.

बाबा आत्याचे थोरले भाऊ. आईवडील लवकर गेलेले, तेव्हा तिला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, डिचोलीच्या हायस्कुलात रोज सायकलवरून सोडलं. ती वास्कोला एका जहाजांच्या एजंटाकडे टायपिंगच्या नोकरीला लागली आणि तिथे बंदरावर काम करणाऱ्या कृष्णाशी तिने लग्न केलं. कृष्णा आमच्यातला नव्हता. आणि तिने विचारलं नाही, लग्न झाल्यावर येऊन सांगितलं. मला तो दिवस आठवत नाही, मी लहान होते. पण आई सांगायची की बाबा ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मी बोलवल्याशिवाय ह्या घरात पाय ठेवचो नाय." आत्या म्हणाली, "बरा. तू बोलवशीत तेव्हाच येयन." दोघं एका आईच्या पोटची. हट्ट त्यांनी वाटून घेतला नव्हता, दोघांनीही पुरता घेतला होता.

लोक समजतात तसं ते भांडण मात्र नव्हतं. चवथीच्या आदल्या दिवशी आई नेवऱ्या तळायला बसली की बाबा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणत, "पातोळ्यो जरा जास्त कर." हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या आमच्या घरात कुणालाच फार आवडत नसत. जास्त कुणासाठी, ते कुणी विचारत नसे. चवथीच्या दिवशी बसची वेळ झाली की बाबांना अंगणातल्या केळी बघायची आठवण व्हायची. केळीच्या आडून वळणावर आत्या दिसली की ते लगबगीने आत येऊन उगाच घंटा वाजवायला लागायचे. जेवायच्या वेळी आई केळीच्या पानावर सगळं वाढून, खतखतं, मुगागाठी, अळूची भाजी, वरण, पातोळ्या, ते पान दोन्ही हातांवर घेऊन सोप्यावर न्यायची. आत्या बाहेर जेवायची, आम्ही आत जेवायचो, आणि आई त्या दोन पंगतींमधून वाढत फिरायची. आई उंबरठा ओलांडून आत-बाहेर करत असताना तिच्या बांगड्यांचा जो आवाज होई, तो माझ्या कानात चवथीचा आवाज म्हणून बसला आहे. संध्याकाळच्या बसने आत्या परत जायची. लोकांनाही याची सवय झाली होती. वाड्यावर कुणी म्हणे, "शालू इली काय?" आणि उत्तर मिळे, "इली, सोप्यार बसली आसा."

त्या वर्षी गंगावयनीच्या घरी टीव्ही आला होता. गंगावयनी आमची शेजारीण, तिचा मुलगा कुवेतला होता आणि त्याने पाठवलेला तो टीव्ही वाड्यावरचा पहिलाच. पावसाळ्यात लोखंडाच्या खाणी बंद असत, खनिजाच्या मातीचे ट्रक ताडपत्र्या घालून रांगेने उभे असत. एरवी ज्या रस्त्यावरून दिवसभर ट्रकांचा धडधडाट आणि तांबडी धूळ जायची, त्या रस्त्यावर बेडूक बसलेले दिसत. ट्रक नाहीत म्हणजे ड्रायव्हरांना काम नाही, आणि बाबा ट्रकांची इंजिनं दुरुस्त करायचे, म्हणजे त्यांनाही नाही. अशा रिकामपणी दत्ताराम ड्रायव्हरने ठरवलं की चवथीच्या दुपारी जेवणं झाल्यावर वाड्याला व्हिडिओवर सिनेमा दाखवायचा. देवादिकांचा सिनेमा आणायचं ठरलं होतं. तो डिचोलीहून व्हीसीआर आणि कॅसेट घेऊन आला, वर लेबल देवाचंच होतं. सगळा वाडा गंगावयनीच्या घरात दाटीवाटीने बसला, बायकांनी टीव्हीला हात जोडले, दत्तारामने बटण दाबलं आणि पडद्यावर धुकं, काळी घोडागाडी आणि डोंगरावर एक भलामोठा अंधारा बंगला आला. गाडीतला माणूस इंग्रजीत बोलायला लागला.

"हो खंयचो देव?" गंगावयनीने विचारलं. कॅसेट बदलायला डिचोलीला जावं तर चवथीच्या दिवशी दुकान बंद झालेलं असणार. बंद करा, असं दोघातिघांनी म्हटलं. पण इतकी माणसं जमवून घरी पाठवणं दत्तारामला जिवावर आलं. "आणला आसा तर बघूया. पण सांगीत कोण?" तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. आत्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. गंगावयनीच्या घरात यायला तिला कुणाची बंदी नव्हती. वास्कोच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी टाइप करणारी आमच्या वाड्यावरची ती एकटीच. "शालू, तू सांग गो." ती नको नको म्हणत उठली आणि टीव्हीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

बाबा पुढे कदेलीवर, म्हणजे गंगावयनीच्या घरातल्या एकुलत्या हाताच्या खुर्चीवर, बसले होते. आत्या पुढे आली तसे ते उठायला लागले. गंगावयनी वयाने मोठी, तिने मागूनच हाक मारली, "बस रे. तू उठलंस तर ह्या कदेलीर चार पोरां चढतीत नि ती मोडतली." बाबा बसले. इतक्या वर्षांत बहिणीच्या तोंडचं एक धड वाक्य ज्यांनी समोर बसून ऐकलं नव्हतं, ते तिच्यापासून हातभर अंतरावर बसून तिच्याकडून गोष्ट ऐकायला लागले. माझं सगळं लक्ष सुरुवातीला सिनेमाकडे नव्हतंच, बाबांच्या मानेकडे होतं. ती मान ताठ होती.

मी पुढे शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यात हयात गेली, म्हणून अधिकाराने सांगते, आत्यासारखं सांगणं मी कुणाकडून ऐकलं नाही. ती शब्दाला शब्द ठेवत नव्हती. पडद्यावरचा माणूस बोलून थांबायचा, ती क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि मग तो मुळगावात जन्मला असता तर जे बोलला असता ते सांगायची. बंगल्यातला उंच, काळ्या झग्यातला, पांढऱ्याफटक चेहऱ्याचा माणूस जिन्यावरून खाली उतरला तेव्हा ती म्हणाली, "हो हयलो भाटकार. सगळी जमीन हेचीच." आमच्याकडे ज्याच्या जमिनीत आपलं घर उभं असतं तो भाटकार, आणि त्या खोलीत बसलेल्यांतले निम्मे कुणा ना कुणा भाटकाराच्या जमिनीत राहत होते. थोड्या वेळाने भाटकाराने ओठ मागे घेतले, सुळे दिसले, आणि आत्याने हळूच सांगितलं, "हो माणसांचा रगत पिता." कुणी किंचाळलं नाही. दत्ताराम म्हणाला, "भाटकार रगत पिता, हेच्यात सिनेमा काढण्यासारख्या काय आसा?" सगळं घर हसायला लागलं. बाबाही हसले. आत्याने ते बघितलं आणि तिथून पुढे तिचा आवाज मोकळा झाला.

भुताच्या सिनेमाला माणसं घाबरतात, असं मी पुढे शहरात पाहिलं. आमच्या वाड्याने त्या दुपारी घाबरण्याआधी प्रत्येक पात्राची चौकशी केली. बंगल्यात एक म्हातारी नोकराणी होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून ती दिवे लावत, दारं उघडत, जिने पुसत फिरायची. भाटकार दिवसभर पेटीत निजायचा. बायकांनी लगेच म्हातारीची बाजू घेतली. "सगळी कामा तीच करता, नि ह्यो निजता," एक म्हणाली, आणि गंगावयनीने तिची समजूत घातली, "अगो, मोठ्या घरात तसाच आसता." खाली गावात एक मास्तरीण होती, देखणी, एकटी राहणारी, भाटकाराचा डोळा तिच्यावर. तिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो डॉक्टर, आणि तो डॉक्टर रक्त दिसलं की घेरी येऊन पडायचा. पहिल्यांदा पडला तेव्हा लोकांना वाईट वाटलं. दुसऱ्यांदा पडला तेव्हा दत्ताराम म्हणाला, "हेका कोणी डाक्टर केल्यान?" पुन्हा पडला तेव्हा बायकांच्या बाजूने निकाल लागला, की ह्याच्यापेक्षा तो भाटकार बरा, निदान वेळेवर येतो.

एका प्रसंगात मास्तरणीच्या आरशात भाटकार दिसेना. ती घाबरली, पण आमच्या बायका हळहळल्या. "आरशात दिसना नाय? मगे भांग कसो काढता?" त्याचे केस खरोखर अगदी चापूनचोपून बसवलेले होते. "म्हातारी काढून दिता आसतली," असं ठरलं आणि म्हातारीचा मान आणखी वाढला. मी हसत होते, पण मला आजही वाटतं, की त्या बायकांनी जे विचारलं ते सिनेमा काढणाऱ्यालाही सुचलं नसेल. एवढ्या मायेने त्या पात्राकडे जगात दुसऱ्या कुणी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

खरी भीती आली ती वेगळ्याच कारणाने. गावच्या पाद्र्याने मास्तरणीच्या गळ्यात लसणीची माळ घातली आणि आत्याने सांगितलं की हा भाटकार लसणीला भितो, जिथे लसूण तिथे तो येत नाही. आधी हशा झाला. आम्ही लसणीशिवाय सोलकढीसुद्धा न पिणारी माणसं, आमच्या वाड्यात तो येणार कसा! तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आज चवथ." हसणं बंद झालं. चवथीला आमच्याकडे कुणाच्याच चुलीवर कांदा-लसूण चढत नाही. वर्षातल्या ज्या एका दिवशी सगळा वाडा बिनलसणीचा असतो, नेमका तोच हा दिवस. पोरं आयांच्या मांडीत शिरली. मी चांगली नववीत होते, तरी पाय वर घेऊन बसले. गंगावयनी उठली, आत गेली, आणि फळीवरची लसणीची एक गड्डी आणून तिने जनेलात, खिडकीच्या फळीवर ठेवली. "शिजवूक नाय होयी, ठेवक काय जाता?" ती म्हणाली. देवाचंही राखलं आणि घराचंही. तो तोडगा सगळ्यांना पटला आणि सिनेमा पुढे सुरू झाला.

मग तो पेटीचा प्रसंग आला. भाटकार मूळचा तिथला नव्हता, फार लांबून आला होता, आणि ज्या पेटीत तो निजायचा तिच्यात माती भरलेली होती. "ही तेच्या गावची माती," आत्या म्हणाली. "आपल्या गावची माती अंगाखाली नसली तर हेका नीज पडना नाय." आमच्या गावची माती वर्षानुवर्षं ट्रकांनी नदीवर जात होती, नदीतून बार्जांनी वास्कोला, आणि वास्कोहून जहाजांनी कुठल्या कुठे. दत्तारामने ती वाहिली होती, बाबांनी ती वाहणारी इंजिनं दुरुस्त केली होती. तिच्याविषयी असा विचार कुणी केलेला नव्हता. आत्या पडद्याकडे बघत म्हणाली, "आमच्या हाफिसाच्या जनेलातसून जहाजां दिसतत. तांबड्या मातीचो डोंगर भरलेलो आसता. मी बघतंय नि म्हणतंय, हेच्यात मुळगावची खंयची ती." हे काही भाटकार बोललेला नव्हता. दत्ताराम म्हणाला, "आमच्यापरस हो बरो. आपली माती आपल्याकडे ठेवल्यान." बाबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला.

बाहेर ऊन उतरत चाललं होतं. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिने आत्याला मनगटाकडे बोट दाखवलं. बसची वेळ झाली होती. ही गेली की पुढची बस पणजीपर्यंतच, वास्कोची जोडबस मिळायची नाही. आत्या म्हणाली, "मी जातंय." एकच गलका झाला. "अर्ध्यार खंय जातंस गो? मगे आमका सांगीत कोण?" पडद्यावर तेव्हा पाऊस पडत होता. मास्तरीण दिवा घेऊन खोलीत उभी होती आणि जनेलाबाहेर, पावसात, केसांवरून पाणी गळत असलेला तो भाटकार उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत होती. आत्याने पिशवी उचलली होती, ती तिने परत खाली ठेवली. ती म्हणाली, "हो म्हणता, मी आपणहून येवचंय नाय. तू बोलवशीत तेव्हाच येयन. तसो माजो नेम आसा."

आणि वीज गेली. पडदा मिटला. रस्त्यावर बसचा हॉर्न ऐकू आला, बस देवळाजवळ थांबली, निघाली, आणि तिचा आवाज वळणापलीकडे गेला. आत्या जागची हलली नाही.

वीज गेली की आमच्याकडे लोक उठून घरी जात. त्या दिवशी कुणी उठलं नाही. भाटकार बाहेर पावसात उभा होता, त्याला तसा टाकून जाणार कसं? संध्याकाळच्या उजेडात बसून वाड्याने ते प्रकरण चर्चेला घेतलं. दत्ताराम म्हणाला, बोलवता कामा नये, रक्त पिणारा तो. बायका त्याच्यावर उसळल्या. "पण विचारता मरे! भाटकार आसान विचारता. तुमच्यातलो कोण विचारता?" गंगावयनी म्हणाली, आपला शिमेवरचा राखणदार, तो देवचारसुद्धा, ज्याला आपण रोट आणि विडी ठेवतो, तो असाच मर्यादेचा आहे, मर्यादा पाळणाऱ्याला भिऊ नये, न पाळणाऱ्याला भ्यावं. कुणी म्हणालं, बोलवायचं नसेल तर निदान टॉवेल द्यावा. मी आजवर किती परिसंवाद ऐकले, पण एका पात्राविषयी इतकं मनापासून बोलणं ऐकलं ते त्या एकाच संध्याकाळी.

बाबा एकदम म्हणाले, टीव्हीकडे बघत, "तो येवचो नाय. तेणी एकदा सांगल्यान म्हणजे सांगल्यान, तो नेम मोडूचो नाय. तेका बरो वळखतंय मी. मगे भितरल्यानच बोलवक होया. इतकी वर्सां दारात उबो करून ठेवक तो काय..."

ते तिथे थांबले. भाटकार जनेलाशी येऊन पुरता क्षणही झाला नव्हता. इतकी वर्सां कुणाची, ते खोलीतल्या लहान पोरालाही कळलं. आत्या विझलेल्या काचेकडे तोंड करून उभी होती, आमच्याकडे तिची पाठ होती. दारात आईने पदर तोंडाशी नेला. गंगावयनीने अगदी सावकाश, कुणाकडेच न बघता विचारलं, "तर मगे, कोणी बोलवचा?"

तेवढ्यात वीज आली. दत्तारामने घाईने बटणं दाबली, चित्र थरथरलं, जरा पुढे सरकलं आणि स्थिर झालं तेव्हा भाटकार खोलीच्या आत उभा होता. "बोलवल्यान! बोलवल्यान!" असा ओरडा झाला, टाळ्या पडल्या, बायका एकमेकींना धरून हसल्या. आत्या म्हणाली, "होय. बोलवल्यान."

शेवटी त्या पाद्र्याने आणि डॉक्टरने मिळून भाटकाराला मारलं, तेव्हा लोक भयंकर चिडले. आत बोलावलेल्या पाहुण्याला मारतात काय? गंगावयनीने चक्क डोळे टिपले. आत्याने सांगितलं की तो मेला नाही, आपल्या मातीत परत गेला, आणि त्यावर सगळ्यांनी समाधान मानलं.

आम्ही घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या सोप्यावर बसून पिशवीत आईने दिलेल्या पातोळ्यांची पुडी नीट लावत होती. गंगावयनीने तिला आपल्याकडे राहायला सांगितलं होतं आणि तिने होय म्हटलं होतं. आत आरतीला मातीचे घुमट वाजवणारे जमले, आरतीचं ताट तयार झालं, कापूर ठेवला, आणि बाबा आरती सुरू करीनात. ते उठले आणि दाराशी गेले. उंबरठ्याच्या आतल्या बाजूला उभे राहिले. मी त्यांच्या मागेच होते, त्यांनी एका हाताने चौकट धरून ठेवली होती, आधाराला धरावी तशी. माझे बाबा आडदांड माणूस, ट्रकाचं चाक एकट्याने उचलणारे. मला त्यांची इतकी कीव कधी आली नव्हती आणि इतका अभिमानही कधी वाटला नव्हता.

"शालू," ते म्हणाले. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "भितर ये."

आत्या उठली. पण आली नाही. "कोणाक म्हणतंस, दादा?"

"तुकाच म्हणतंय. भितर ये गो. आरती रवली आसा."

सकाळी पाय धुतलेले असूनही तिने पुन्हा पायांवर पाणी घेतलं. मग उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत आली. रडतील, गळ्यात पडतील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती सरळ गणपतीपुढे गेली, हात जोडले, आणि मान वर करून माटोळीकडे बघितलं. सगळी माटोळी, आतली बाजू धरून. आणि म्हणाली, "ह्या बघ, पपनस हयसर आसा! भायसून दिसनाच नाय."

"दिसतला कसा?" बाबा म्हणाले. "दर वर्सा मी थयच बांधतंय." आणि मग, घुमटावर थाप पडायच्या आत, "फुडल्या चवतीक कृष्णाक घेवन ये."

कृष्णाकाका पुढच्या चवथीला आले, आणि मग कधी चुकले नाहीत. बाबा जाईपर्यंत माटोळी त्या दोघांनी मिळून बांधली, फळ कुठे टांगायचं यावरून दर वर्षी वाद घालत.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण माझी नात ओवी. तिला असले रक्तपिपासूंचे सिनेमे फार आवडतात. गेल्या महिन्यात मी तिला ही गोष्ट सांगितली आणि तिने माझ्या खाणाखुणांवरून, किल्ल्यांचा जुडगा लावलेली म्हातारी, घेरी येणारा डॉक्टर, तो सिनेमा फोनवर शोधून काढला. आम्ही दोघींनी सोफ्यावर बसून तो पाहिला. मला आता प्रत्येक शब्द कळत होता. पावसाचा प्रसंग आला आणि मी पुढे सरकून बसले. भाटकार जनेलाशी आला. मास्तरणीने दिवा वर धरला. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग हाताने जनेल ढकलून, एक अक्षर न बोलता, सरळ आत शिरला. त्याने विचारलं नाही. तिने बोलावलं नाही. मी ओवीला तो भाग पुन्हा लावायला सांगितला. तिथे पावसाच्या आवाजाखेरीज काहीच नव्हतं.

"पण आजी, नियम खरा आहे," ओवी म्हणाली. "व्हॅम्पायरना बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही. बाकीच्या खूप सिनेमांत असतो. ह्याच्यातच नाही."

मी वास्कोला फोन लावला. आत्या आता ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण कान तिखट आहेत. मी म्हटलं, "आत्या, तो भाटकार जनेलाकडे काय एक बोलूक नाय. तू आपल्या मनाचा सांगितलंस." ओवीने सांगितलेला नियमही सांगितला. पलीकडे ती इतकी हसली की कृष्णाकाका काय झालं म्हणून विचारायला आल्याचं मला ऐकू आलं.

"नियम बियम माका ठावक नाय गो," ती म्हणाली. "दादा गप, मी गप, नि तो मेलो भाटकारय गप. कोणीतरी बोलूक होया होता मगो."